एक भाग वगळून

मंगळवार, संध्याकाळ

परवा सकाळी नळाला पाणी आले तशी मीच उठले, टाकी भरली, सगळ्यांचा चहा ठेवला. हे वारल्यापासून दिरांच्या घरात रोज असेच. सुटका कुठली?

चहा उकळेपर्यंत मोबाइलवर एक लेख वाचला. न्यूरल नेटवर्क, म्हणजे मेंदूसारख्या जोडण्यांची संगणकी रचना, तिच्या उत्तरात कुठल्या भागाचा किती वाटा, हे गेम थिअरीने, खेळाडूंच्या डावपेचांच्या गणिताने, काढतात. एकेक भाग वगळायचा, कधी एकटा, कधी इतरांबरोबर, आणि उत्तर किती बिघडते ते पाहायचे.

हे गेल्यावर यांचा वाटा मला असाच कळला. माझा किती? की मी नसले तरी काहीच बिघडणार नाही?

धाकट्या जावेला म्हटले, "उद्या पाणी मी भरणार नाही."

ती हसली. "मग काय वहिनी, टाकी आपोआप भरेल?"

काल नळ वाजला. मी उठले नाही. टाकी दिवसभर कोरडी राहिली.