सारखे केलेले सिलिंडर

सनीव्हेल, १२ फेब्रुवारी २००६

चि. गिरीश यास,
अ. उ. आ.

वहिनीला फोन परवडत नाही का, म्हणून हसू नकोस. या अपार्टमेंटच्या भिंती पापडासारख्या आहेत. तुझ्याशी बोलले की तुझ्या दादाला शेजारच्या खोलीत स्वच्छ ऐकू येतं, आणि बोलायचं आहे ते त्यांच्याबद्दलच.

गेल्या आठवड्यात स्मरणशक्ती तपासताना डॉक्टरांनी यांना कागदावर घड्याळाचं चित्र काढायला सांगितलं. रेल्वेच्या वर्कशॉपात उभं आयुष्य काढलेल्या माणसाने सगळे आकडे एकाच बाजूला कोंबले. मग डॉक्टर माझ्याशी बोलले, सिद्धेशशी बोलले, यांच्याशी नाही. पेशंट नक्की कोण आहे, असं मी विचारलं तर सिद्धेशने माझा हात दाबला. आईबाप म्हातारे झाले की मुलं हात दाबायला शिकतात.

घरी आल्यावर हे म्हणाले, घड्याळ चुकलं असेल, इंजिन चुकणार नाही. आणि बसले काढायला. तरुणपणी जर्मनीत ट्रेनिंगला असताना डोक्यात बसलेलं ते जुनं मालगाडीचं इंजिन, प्रशियाचं जी पाच-चार. नवी नवरी मी, काय काय ऐकायच्या तयारीत होते, आणि यांनी मला ते समजावलं होतं: वाफ आधी एका बाजूच्या लहान सिलिंडरात राबते, मग उरल्यासुरल्या जोरावर दुसऱ्या बाजूच्या मोठ्यात. एकाच वाफेकडून दोनदा काम. शाळेतून निवृत्त होऊन इथे अमेरिकेत नातवंडं सांभाळायला आल्यावर मला ते नीट कळलं.

चित्र पुरं झालं. सिद्धेश त्यावरून इथल्या एका वर्कशॉपातून पितळेचं मॉडेल करून आणणार आहे. ते बरोबर उतरलं तर डोकं अजून आपलंच आहे, असं यांनी स्वतःशी ठरवलंय. मला ते आवडलेलं नाही. परीक्षा घेणारे बाहेर थोडे आहेत का?

रागावले तरी तुझीच,
शैलजावहिनी

*

वेस्ट विंडसर, २० फेब्रुवारी २००६

ती. सौ. वहिनींस,
सा. न. वि. वि.

पत्रातही तुमचा आवाज चढलेला ऐकू आला, बरं वाटलं.

दादाच्या घड्याळाचं मनावर घेऊ नका असं लिहिणार होतो, पण तुम्ही ते पत्र फाडून परत पाठवाल. एवढंच सांगतो की ते इंजिन त्याच्या डोक्यातून सर्वांत शेवटी जाईल. लहानपणी मी फुलं काढायचो आणि हा माझ्याच पाटीवर चाकं. मॉडेल आलं की समोरून बघा. एक बाजू जाड, एक बारीक, असं लंगडं ध्यान दिसलं की समजा दादा पास.

मला फोटो पाठवा. माया कमी करू नका, बोलणी कमी केलीत तर चालेल.

आपला,
गिरीश

*

सनीव्हेल, १९ मार्च २००६

चि. गिरीश यास,
अ. उ. आ.

मॉडेल आलं. सुंदर आहे. समोरून लंगडं नाही. दोन्ही सिलिंडर सारखे.

यांनी ते टेबलावर फिरवून फिरवून बघितलं. हे आपल्याच चित्रावरून केलंय का, असं सिद्धेशला विचारलं. तो हो म्हणाला. हे म्हणाले, छान झालंय. चष्मा काढून ठेवला आणि जेवायच्या वेळेपर्यंत खिडकीशी बसून राहिले.

मी सिद्धेशला स्वयंपाकघरात गाठलं. तो म्हणाला, चित्रात दोन बाजू वेगळ्या होत्या, मला वाटलं घड्याळासारखीच गडबड झाली असणार. म्हणून त्याने कॉम्प्युटरवर लहान सिलिंडराची बाजू काढली आणि तीच उलटून दुसरीकडे बसवली. बाबांना वाईट वाटू नये म्हणून बोलला नाही. आमच्या कॉन्व्हेंटात दुसऱ्याच्या वहीत दुरुस्ती करणाऱ्या मुलीला सिस्टर बाकावर उभं करायच्या. मी ते त्याला ऐकवलं. पस्तिशीचा घोडा, सिंकपाशी उभा राहून रडला. मग मला अजूनच राग आला, कारण आता ओरडायलाही कुणी उरलं नाही.

आम्ही दोघांनी जाऊन यांना खरं काय ते सांगितलं. यांनी आमच्याकडे आळीपाळीने बघितलं आणि म्हणाले, आजारी माणसाची समजूत कशी घालतात ते मला कळतं.

तू लिही. तू गोड बोलत नाहीस हे त्यांना माहीत आहे.

वाट बघणारी,
वहिनी

*

वेस्ट विंडसर, २५ मार्च २००६

ती. सौ. वहिनींस,
सा. न. वि. वि.

सोबत दादासाठी वेगळी चिठ्ठी आहे. तिच्यात समजूत नाही, शिव्या आहेत. तुझं चित्र बरोबर होतं आणि तुझा मुलगा गाढव आहे, एवढंच दोन पानं लिहिलंय.

सिद्धेशला मोठा सिलिंडर चित्राबरहुकूम करून आणायला सांगा. दादाच्या हातात द्या. डोळ्यांना नाही तर हाताला कळेल. मला खात्री आहे.

तुमच्या बोलण्याला सोकावलेला,
गिरीश

*

सनीव्हेल, ३० एप्रिल २००६

चि. गिरीश यास,
अ. उ. आ.

तुझी चिठ्ठी मी मोठ्याने वाचली. शिव्यांना हे खळखळून हसले. गिरीश अजून तसाच आहे, म्हणाले. चित्र बरोबर होतं, या ओळीवर मात्र त्यांनी चिठ्ठी माझ्या हातातून घेतली आणि तिची घडी घातली.

काल मोठा सिलिंडर आला. यांनी तो तळहातावर तोलला, बोट आतून फिरवलं. मी आणि सिद्धेश शेजारी उभे. मग यांनी तो लहानाशेजारी ठेवला आणि म्हणाले, वर्कशॉपवाल्यांनी चूक केलीय, हा मोठा झालाय. दोन्ही बाजू सारख्या हव्यात. आणि बिचाऱ्यांना रागावू नकोस, असं वर मलाच सांगितलं.

सिद्धेश काही बोलायला गेला. या वेळी त्याचा हात मी दाबला.

इंजिन शोकेसमध्ये आहे. आल्यागेल्याला आवडतं. मोठा सिलिंडर मी शिवणाच्या डब्यात ठेवलाय. आज सकाळी सुई शोधताना तो यांच्या हाती लागला. हे कशाचं आहे, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, कशाचंच नाही.

लोभ वाढवू नकोस, गिरीश. आहे तेवढा जपून ठेव.

तुझी,
वहिनी