लस अंगी लागली नाही

२ जानेवारी
काविळीच्या लशीचे तिन्ही डोस होऊन गेले, आज सगळ्या स्टाफचे रक्ताचे रिपोर्ट आले. बाकीच्यांचे चांगले. माझा शून्यासारखा. मेट्रन मॅडम वॉर्डातच ओरडल्या, "सगळ्यायच्या अंगी लागली, तुयाच काहून नाही लागली वं?"
"काय मालूम," म्हटलं. मालूम आहे.

५ जानेवारी
हुकूम निघाला. रिपोर्ट सुधारेपर्यंत ड्रेसिंग नाही, डिलिव्हरी नाही, फक्त फरशी. सोबतची आया लता म्हणते, डोस चुकवला असशील. चुकवला! डोसाचा ताप अंगावर काढून ड्युटी केली, ते नाही दिसलं.

९ जानेवारी, मंगळवार
छिंदवाड्याहून एचआयव्हीच्या गोळ्या आणल्या. हॉस्पिटलात नेहमीसारखं सांगितलं, जामसांवलीला हनुमानाला जाते. येताना वाटेत तिथं उतरून प्रसाद घ्यावाच लागतो, लता मागते.
छिंदवाड्याच्या डॉक्टरीणबाईंना रिपोर्ट दाखवला. म्हणाल्या, लस शरीराला जंतू ओळखायला शिकवते. तुम्ही घेतली तेव्हा गोळ्या नुकत्याच सुरू झालेल्या, शिकणाऱ्या पेशीच कमी होत्या. आता पेशी वाढल्यात, विषाणू दबलाय. पुन्हा पूर्ण कोर्स घ्या, दर वेळी डबल डोस. बहुतेक लागू पडेल.
"हॉस्पिटलात सांगा ना तुमच्या." हसूच आलं. बाई आमच्या पांढुर्ण्यात राहत नाहीत.

११ जानेवारी
नवऱ्याचा फार राग आला आज. रोग देऊन सुटला. तेरवीला जेवून लोक म्हणाले, भला माणूस होता. त्याचं भलेपण टिकवायला मी रोज खोटं बोलते.

१३ जानेवारी
मॅडम म्हणाल्या, सोमवारपासून लस परत सुरू. साधाच डोस. डबल मागितला तर कारण विचारतील. गुपचूप साधा घेतला अन् पुन्हा तसाच रिपोर्ट आला, तर नोकरी गेली. सांगितलं तरी... कायद्यानं काढता येत नाही म्हणे. कायदा इथं ड्युटीला येत नाही.

१५ जानेवारी, सोमवार
मॅडमनी सिरिंज भरली. बाही वर केली अन् तोंडातून निघून गेलं, "मॅडम, मले डबल लागते."
"कोनं सांगितलं?"
"छिंदवाड्याच्या डॉक्टरीणबाईनं."
"काहाची डॉक्टर हाये ते?"
लताचा पोछा थांबला.
"दार लावा, मंग बोलू," म्हटलं.
मॅडमनी उठून दार लावलं. लताला बाहेर जा म्हणाल्या नाहीत.