पुनर्विवाह केला नसल्याचा दाखला

आई, आज ह्यांच्या पेन्शनसाठी बँकेत जाऊन 'मी पुनर्विवाह केलेला नाही' या छापील ओळीखाली सही करून आले. खोटं काही नव्हतं त्यात, तरी ती ओळ दोनदा वाचली. बाबा गेल्यावर तूही दर नोव्हेंबरला हीच सही करायचीस, एकेक अक्षर जुळवत, आणि बाहेर येऊन म्हणायचीस, "अजून रंडकीच हाय, म्हून लिहून दिलं बघ." मला तुझं ते बोलणं ऐकून लाज वाटायची.

बाबा होते तोवर मतदानाच्या आदल्या दिवशी ते जेवताना चिन्ह सांगायचे आणि तू भाकरी थापता थापता "व्हय" म्हणायचीस. ते गेल्यानंतरच्या पहिल्याच निवडणुकीत उमेदवाराच्या बायकोनं आपल्या बोळात हळदीकुंकू ठेवलं. घरोघर बोलावणं गेलं, एक तू सोडून. मी माहेरी आले होते, मला बोलावलं, मी गेले आणि वाणाचा स्टीलचा डबा घेऊन तुझ्या स्वयंपाकघरात आले. तू भांडी घासतेयस, मागं वळून बघत नाहीस. "तुला न्हाय बोलावलं त्येंनी, तुझ्या कुंकवाला बोलावलं," म्हणतेस. "मला वाण न्हाय, तर माझं मत बी न्हाय." दुसऱ्या दिवशी तो उमेदवार हात जोडत आला, तेव्हा तू उंबऱ्यावर उभी राहिलीस. "आमाला पाच दिसांनी पाणी येतंय. तुमच्याकडं बी तसंच येतं का?" सगळा बोळ ऐकत होता. मी दाराआड, हे सासरी कळलं तर काय, या धास्तीत. बाबांची पेन्शन तुझ्या नावावर येत होती, कुणाच्या तोंडाकडं बघायचं नव्हतं, म्हणून तुला बोलता आलं. हे मला कळायला माझं स्वतःचं कुंकू जावं लागलं. तोवर सासरी मीही मान हलवतच होते.

त्याला आता सहा वर्षं झाली. ह्यांची पेन्शन आणि शाळेच्या ऑफिसातला पगार, माझं नीट चाललंय. पाण्यासाठी नगरसेवकाला मीच फोन लावते, चार शब्द सुनावते. आणि आमच्याच ऑफिसातल्या एका गृहस्थांनी, त्यांची बायको वारलीय, मला लग्नाचं विचारलंय. माणूस चांगला आहे. "पेन्शन बंद होईल, पण मी आहे की," म्हणाले. ते ऐकूनच मी विषय बदलला. लेक पुण्याहून फोनवर म्हणते, "आई, कर की. किती विचार करशील?" तिला कसं सांगू, की गोळ्या-औषधाला पैसे मागायची वेळ आली की बाई हळूहळू आपलं मतही विचारूनच ठरवायला लागते. त्यांनी माझ्यावर कधी काही लादलेलं नाही. भीती वाटते ती माझीच. संक्रांतीपर्यंत मुदत मागून घेतलीय.

तू आता नाहीस, हे तुझ्यापर्यंत पोचणार नाही, म्हणून लिहायला धजते. गेल्या निवडणुकीत मत देऊन बाहेर आले, तर हेच गृहस्थ रसवंतीपाशी उभे होते. "झालं का?" एवढंच म्हणाले. त्यांच्या घरावर ज्या पक्षाचा झेंडा असतो, त्याचं चिन्ह मी आपणहून सांगून टाकलं. मत मी दुसऱ्यालाच दिलं होतं, आई.