घरातलाच माणूस

मेकन, जॉर्जिया
४ मार्च १८६७

चि. आयशम यास लेम्युएल थॅक्स्टनचे अनेक आशीर्वाद.

गुलामी सुटून दोन वर्षं झाली, तरी तुझी आठवण निघाल्यावाचून दिवस जात नाही. आमच्या ऑगस्टाचं लग्न जूनमध्ये ठरलंय. तांबडे घोडे दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाहीत. झालं गेलं विसर आणि गाडी हाकायला कायमचा परत ये. तू तर आमच्या घरातलाच माणूस. माया पातळ करू नकोस.

लेम्युएल थॅक्स्टन

सिनसिनाटी, ओहायो
२३ मार्च १८६७

माजी मालक थॅक्स्टनसाहेब यांस,
स. न. वि. वि. साष्टांग घातला नाही; पाठीवरचे वळ अजून ओढतात.

मला चिरंजीव लिहिलंत. मी तुमच्याहून चार वर्षांनी मोठा. पण आशीर्वाद वाया कशाला घालवा, ठेवून घेतला. पत्र माझ्या बायकोनं, टेंपीनं, वाचून दाखवलं. अक्षरं गिरवताना सापडली म्हणून तुम्ही जिला फोडून काढलंत, तीच ही. तिनं तुमच्या शुद्धलेखनाच्या चार चुका काढल्या. रागावू नका, तुमचे मास्तरच कच्चे असतील.

घोड्यांचं ऐकून वाईट वाटलं. इथे माझी स्वतःची घोडागाडी आहे, भाड्यानं चालवतो. गोरी गिऱ्हाइकं मला 'मिस्टर प्रुइट' म्हणतात. आधी दचकायचो, मागे वळून बघायचो.

घरातलाच म्हणता, म्हणून हक्कानं विचारतो. लग्नाच्या मेजवानीत माझी खुर्ची तुमच्या उजव्या हाताला ना? आणि घरातल्या पोरींत भेद का केलात? ऑगस्टाला पियानो हवा होता, म्हणून आमची सहा वर्षांची व्हायनी विकलीत. टेंपी त्या गाडीमागे नदीपर्यंत धावली. तुम्ही व्हरांड्यातून म्हणालात, दोन दिवसांत विसरेल. बारा वर्षं झाली साहेब, ते दोन दिवस काही संपत नाहीत.

कुणाला विकलीत, तेवढं नाव कळवा. बाकी तुमच्याकडून काही नको.

तुमच्याकडे लोभ पहिल्यापासून फार. तो कमी व्हावा, ही विनंती.

आयशम प्रुइट

मेकन
९ एप्रिल १८६७

श्री. प्रुइट यांस,
ऑगस्टा थॅक्स्टनचा नमस्कार.

तुमचं पत्र वडिलांनी फाडलं. मी तुकडे जुळवून वाचलं. नाव ते सांगणार नाहीत.

गेल्या महिन्यात मोबील शहरात लग्नाचा झगा बेतायला गेले होते. घेराला टाचण्या लावणाऱ्या मुलीनं माझं आडनाव ऐकलं आणि हळूच विचारलं, तुमच्याकडचे आयशम आणि टेंपी जिवंत आहेत का? मी ओळखलं तिला. तरी उत्तर दिलं नाही, आरशातच बघत राहिले.

दुकानाचा पत्ता सोबत आहे. लग्नाला येऊ नका. तिकडे जा.

ऑगस्टा