निवडलेली तूर

प्रिय निकिता,

शेजारच्या मोनिकाला समोर बसवून हे सांगतेय. ती लिहिते चांगलं, पण माझ्या शिव्या गाळते. तेवढ्या तू मनानं घालून घे. घरचा फोन तू उचलत नाहीस, मग आम्ही करावं काय?

जळकोटात सगळं बरं आहे. तुझं धान्य निवडायचं मशीन शेडमध्ये गोधडी पांघरून बसलंय. तुझा बाप रोज त्याची विचारपूस करतो. माझी कधी केली नाही.

त्या दिवसाचं मला अजून हसू येतं, रागावू नकोस. नव्या मशीनच्या संशोधनाला सरकार पैसे देतं, आणि पुढचा हप्ता द्यायच्या आधी साहेब येऊन मशीन चालताना बघतात, हे तू मला समजावलं होतंस. तुझ्या आईला कुणी समजावलं? तू साहेबांना आणायला हायवेवर गेलीस आणि तुझ्या आईला, अयोध्याला, पडवीत तू मशीनच्या परीक्षेसाठी ठेवलेली ती खड्यांची, किडकी तूर दिसली. पाव्हणे यायचे आणि घरात असलं धान्य? तिनं गल्लीतल्या बायका बोलावल्या, सुपं काढली आणि पोतं लख्ख निवडून ठेवलं. मग मशीन खडे काढणार कुठून? मशीनची परीक्षा झालीच नाही, असं लिहून साहेब चहा न घेता गेले. माझी सगळी मेहनत तू सुपात पाखडलीस, असं आईला म्हणून तू पुण्याची गाडी धरलीस.

तेव्हापासून ती, मी टोमणा मारला तरी उलटून बोलत नाही. असल्या सुनेशी भांडायचं तरी कसं?

गेल्या आठवड्यात मात्र तिनं स्वतः साहेबांना फोन लावला. बँकेतल्या शिपायासमोर जिची जीभ अडखळते, ती म्हणाली, "साहेब, लेकीचं मशीन चांगलं हाय. तूर म्या निवडली." साहेब पुन्हा यायला तयार आहेत. पण अर्ज तुझ्या नावावर, तेव्हा होकार तूच कळवायचा.

हे तुला सांगायचं नाही, अशी तिची ताकीद आहे. तुला नोकरी लागतेय, लेकराला परत गुंतवू नका, म्हणते. आणि स्वतः घरोघर फिरून न निवडलेली तूर मागते. बायका तोंडाला पदर लावून हसतात, ही तरी मागतेच. म्हणून तिच्या चोरून हे पत्र. नोकरी धर नाहीतर मशीन, ते तुझं तू बघ. साहेबांना काय कळवायचं ते कळव, पण आधी आईला फोन कर.

तुझीच, अंगठेबहाद्दर
आजी