बाबाचा दुपट्टा

लोहारा,
१२ ऑक्टोबर २००५

बाबा, तुमाले अन् आईले जयभीम.

माही डोकेदुखी गेली, हे पयले सांगते. आईचा गुडघा कसा हाये?

चार महिने डोकं असं ठणकत होतं का कारखान्यात उभं राहावत नोहतं. डोळे, रक्त, सारं तपासलं. काही निघालं नाही. मी आपली तुमचा दुपट्टा डोक्याले घट्ट बांधून पडून राहत होती. घरून निघतानी मागून आणला, तोच. तुमचा वास जाईन म्हणून धुतलाच नोहता.

मागल्या महिन्यात दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईनं तो नाकाशी नेला. "याले औषधाचा वास येते. फवारणीचा हाये काय?"

मी म्हटलं, "नाही बाई, हा माह्या बाबाचा वास हाये."

बाईनं तो टाकून द्याले सांगतलं.

दुपट्टा टाकला, तवापासून डोकं शांत. आता पोटभर जेवते.

तुमीही फवारून आले का डोकं धरून बसता अन् ऊन लागलं म्हणता. ते ऊन नोहे, बाबा. दवाखान्यात दाखवून या.

नवा दुपट्टा पाठवून राह्यली. दोन दिवस उशाशी घेऊन झोपली, त्याले माहा वास येईन. तो फवारणीले नेऊ नका.

तुमची,
सत्यशीला