माझ्या नावावर असलेल्या अमेरिकन गाडीबाबत

मी, एरिक बस्त्याव तुस्कानो, वय वर्षे साठ, मूळ राहणार वसई, सध्या मुक्काम वादी अदाई, मस्कत, धंदा मोटार मेकॅनिक, हे मृत्युपत्र आज शुक्रवारी दुपारी जेवणाच्या टेबलावर बसून स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझं डोकं ठिकाणावर आहे. बिघाड छातीत आहे. तीन नळ्या तुंबल्यात. उद्या सकाळच्या विमानाने मी मुंबईला जातो आणि बुधवारी डॉक्टर बॉनेट उघडणार. मी चाळीस वर्षं लोकांची इंजिनं उघडली आहेत, तेव्हा उघडलेलं सगळं पुन्हा जसंच्या तसं बसतं असं मला कुणी सांगू नये. म्हणून हा कागद.

माझ्यावर कोणाचा दबाव नाही. माझी बायको क्लोटिल्डा आतून "एरिक, आटप ना लवकर, बॅग भरायचीय अजून" असं ओरडते आहे, तो मी दबाव धरत नाही. इथल्या रुवी भागातल्या वकिलांनी एक मसुदा टाइप करून दिला होता. तो एका पानाचा निघाला. मला सांगायचं आहे ते त्यात मावत नव्हतं, म्हणून तो बाजूला ठेवून हाच खरा समजावा.

कलम १. वसईचा फ्लॅट, बँकेत असेल ते, घरातलं सामान आणि या कागदात ज्याचा वेगळा उल्लेख नाही ते सर्व क्लोटिल्डाला. फ्लॅटच्या पार्किंगमध्ये माझ्या पुतण्याने सहा वर्षांपासून एक मोडका सोफा ठेवला आहे. सोफा माझा नाही, त्यामुळे तो मला कोणाला देता येत नाही. पण तो उचलून रस्त्यावर ठेवण्याचा माझा अधिकार मी क्लोटिल्डाला देतो. तिने तो वापरावा अशी माझी इच्छा आहे.

कलम २. माझी होंडा सिव्हिक, दोन दारांची, लाल, सोळाशे सीसी, १९९६ची, माझी मुलगी ॲव्हरिल हिला. ही गाडी मी जपानहून आलेल्या पार्टांवर स्वतः उभी केली आहे. ॲव्हरिलला गेल्या आठवड्यात हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "पप्पा, मला गिअर... म्हणजे ते गिअरवालं नाही जमत. आय नो यू लव्ह इट. पण मी ऑफिसला ऑटोमॅटिक घेऊन जाणार ना?" गाडी देतो आहे. गिअर तिने शिकावेत. आठवड्यातून एकदा सुरू करावी, इंजिन गरम होईपर्यंत थांबावं, आणि मागे पंख लावायची भाषा करणाऱ्या कोणाही पोराला विकू नये.

कलम ३. गॅरेजातलं माझं कपाट रिकामं आहे. त्यातले पाने मी काल महमूदच्या हातात दिले. महमूद सियालकोटचा, आमच्या वादी कबीरमधल्या गॅरेजात डेंटर, म्हणजे चेपलेले पत्रे सरळ करणारा. तो म्हणाला, "उस्ताद, ऐसा मत करो, वापस आके खुद माँगोगे." मागेन किंवा नाही, पाने त्याचे झाले, खलास.

कलम ४. आता अमेरिकन गाडी.

कागदोपत्री मी एका अमेरिकन गाडीचा मालक आहे. आठ सिलिंडर, पाच लिटर, काळी. तिचं नाव मी इथे लिहिणार नाही, ते मुल्कियावर आहे, म्हणजे पोलिसांनी दिलेल्या मालकीच्या कार्डावर. ज्यांनी मला तीस वर्षं अशा गाड्यांविरुद्ध बोलताना ऐकलं आहे त्यांना हे वाचून धक्का बसेल. बसू दे.

गाडी खरी चंद्रहास कर्णिकची. चंद्रहास मूळचा दादरचा, कुरुमला एका बांधकाम कंपनीत क्वांटिटी सर्व्हेयर. प्रत्येक वीट मोजल्याशिवाय बिलावर सही करत नाही असा माणूस. दर शुक्रवारी सकाळी अझैब्याला समुद्राजवळ आम्ही दहाबारा गाडीवेडे जमायचो, चहा-पराठा खायचो आणि भांडायचो. भांडण एकच. छोटी जपानी चांगली की दांडगी अमेरिकन.

तो म्हणायचा, "एरिक, तुझी गाडी लांबून ऐकली की वाटतं, कोणीतरी मिक्सरमध्ये सुकं खोबरं वाटतंय."

मी म्हणायचो, "आणि तुझी वळणावर पाहिली की वाटतं, चौघं मिळून लोखंडी कपाट फिरवतायत."

"तुझीला आठ हजार आरपीएमवर बोंबलावं लागतं. माझी दोन हजारांवर नुसती हुंकारते, काम झालेलं असतं."

"काम कसलं? पेट्रोल प्यायचं? सरळ रस्त्यावर कोणीही जातो रे. आमेरातच्या घाटात ये, मग बोल."

"घाटात बकऱ्या पण चांगल्या चढतात, एरिक."

यावर सगळे हसायचे. मीही हसायचो, पण घरी येऊन क्लोटिल्डाला पुन्हा सगळं ऐकवायचो. ती म्हणायची, "तुमची लग्नं एकमेकांशी व्हायला हवी होती." हे असं नऊ वर्षं चाललं, आणि ती माझ्या आयुष्यातली चांगली वर्षं होती. हे मी त्याला कधी सांगितलं नाही.

२००८ साली त्याला ही गाडी मिळाली तेव्हा तो कंपनी बदलत होता. जुना व्हिसा संपलेला, नवीन रेसिडेंट कार्ड हातात नाही, आणि विकणारा ओमानी माणूस थांबायला तयार नाही. चंद्रहास गॅरेजात आला. म्हणाला, "दोन महिने तुझ्या नावावर घे. कार्ड आलं की पोलिसांच्या काउंटरवर जाऊन माझ्या नावावर करू." मी म्हटलं, "माझ्या नावावर अमेरिकन? गावात तोंड कसं दाखवू?" आणि सही केली. दोन महिन्यांनी त्याला वेळ नव्हता, चार महिन्यांनी मला नव्हता. नाव बदलायचं तर दोघांनी एकत्र काउंटरवर उभं राहावं लागतं. मग २०१२चा एप्रिल आला, आणि त्यानंतर आम्ही दोघे एकत्र कुठेच उभे राहिलो नाही.

सात वर्षं आम्ही बोलत नाही. मुल्किया दर फेब्रुवारीत नवीन करावी लागते, आणि इतक्या जुन्या गाडीला त्याआधी पोलिसांचं पासिंग लागतं. मालक मी, गाडी त्याची. म्हणून दर फेब्रुवारीत त्याची बायको किशोरीवहिनी क्लोटिल्डाला फोन करतात. सकाळी गाडी गॅरेजच्या फाटकाशी उभी असते, किल्ली पायपुसण्याखाली. मी ती पासिंगला नेतो, मुल्किया करतो, गाडी परत फाटकाशी ठेवतो. संध्याकाळी गाडी गेलेली असते. कोणी कोणाला पाहिलेलं नसतं. पासिंगवरचा पोलीस दरवर्षी मला म्हणतो, "सुंदर गाडी, उस्ताद." मी शुक्रन म्हणतो. दुसरं काय म्हणणार?

बुधवारी मी टेबलावर राहिलो तर ही गाडी माझी मालमत्ता म्हणून अडकेल आणि चंद्रहासला स्वतःच्या गाडीसाठी कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवाव्या लागतील. तसं होऊ नये. ही अमेरिकन गाडी मी चंद्रहास गजानन कर्णिक यास देत आहे. ती त्याचीच आहे.

कलम ५. वकिलांनी सांगितलं होतं की मृत्युपत्रात कबुलीजबाब लिहू नका. पण मृत्युपत्र माझं आहे.

२०१२च्या एप्रिलमध्ये आमच्या ग्रुपने सीबकडे एका मोकळ्या मैदानावर रस्त्यावर ठेवतात तसले प्लास्टिकचे कोन मांडून वेळ लावायचं ठरवलं. कोनांमधून गाडी काढायची, ज्याला कमी वेळ लागेल तो जिंकला. नऊ वर्षांच्या भांडणाचा निकाल लागणार होता. आदल्या दिवशी सगळ्या गाड्या नेहमीसारख्या माझ्याकडे तपासायला आल्या. ब्रेक, तेल, टायर. मी तपासली की कोणी पुन्हा तपासायचं नाही, असा आमच्यात रिवाज होता. माझ्याच गाडीविरुद्ध उतरणाराही गाडी माझ्याकडेच द्यायचा.

चंद्रहासच्या गाडीला बत्तीस पाउंड हवा लागते. मी पुढच्या दोन्ही टायरांत चोवीस ठेवली.

मऊ टायरवर जड गाडी वळत नाही, पुढे घसरते. मी चार दशांश सेकंदाने जिंकलो. चंद्रहास खाली उतरला, वाकला, टायर अंगठ्याने दाबला. सगळ्यांसमोर म्हणाला, "एरिक, हवा कमी आहे. तू भरलीस ना?"

मी म्हटलं, "आईशप्पथ, बत्तीस भरली. हवा तुझ्या ड्रायव्हिंगमधली कमी झाली असेल."

सगळे हसले. तो हसला नाही. मी आणखी वर, "मेकॅनिकवर संशय घेतोस? माफी माग," असं म्हटलं. त्याने माफी मागितली नाही. ती त्याने मागावी म्हणून मी सात वर्षं रुसून बसलो. क्लोटिल्डालासुद्धा मी खरं सांगितलं नाही. ती हे आज वाचेल.

शर्यत खोटी जिंकली याचं मला इतकं नाही. त्याच टायरांवर तो किशोरीवहिनींना बाजूला बसवून, एप्रिलच्या उन्हात, एक्सप्रेसवेने एकशेवीसच्या वेगाने घरी गेला. मऊ टायर तापला की फुटतो. हे मला कोणी शिकवायला नको, मी शिकाऊ पोरांना पहिल्या दिवशी हेच शिकवतो. मला एक फोन करता आला असता. मी त्या संध्याकाळी ट्रॉफी पुसत बसलो. मला लाज वाटते, चंद्रहास. तुझं बरोबर होतं, मी खोटं बोललो, आणि आईची शपथ घेऊन बोललो.

फेब्रुवारीत गाडी परत पाठवताना मी दरवर्षी चारही टायरांत हवा तपासतो. बत्तीस, दोनदा गेज लावून. त्याने काही भरून निघत नाही हे मला कळतं. ट्रॉफी फेकून द्यावी.

याने छोट्या जपानी गाडीबद्दलचं माझं मत बदललेलं नाही. बत्तीस पाउंडांवरसुद्धा मीच जिंकलो असतो. कदाचित.

कलम ६. मृत्युपत्राची अंमलबजावणी ॲव्हरिलने करावी. अडलं तर वकिलांना विचारावं, पुतण्याला विचारू नये.

कलम ७. साक्षीदार दोन. वकिलांनी बजावलं आहे की आम्हा ख्रिस्ती लोकांच्या मृत्युपत्रात ज्याला काही ठेवलं आहे त्याने किंवा त्याच्या बायकोने साक्षीदार म्हणून सही केली, तर त्याला ठेवलेलं तेवढं रद्द होतं. म्हणून महमूदला पाने कालच दिले. त्याला मराठी वाचता येत नाही, तो सही फक्त माझ्या सहीला करतो आहे, हे बरंच आहे. दुसरे साक्षीदार आमच्या चर्चचे ॲलन. त्यांना क्लोटिल्डाने साडेपाचला बोलावलं आहे.

इथे हा कागद संपायचा होता. पुढे कोणी शंका काढू नये म्हणून झालं ते लिहितो.

साडेपाचला बेल वाजली. महमूद आधीच येऊन बसला होता. क्लोटिल्डाने दार उघडलं आणि म्हणाली, "ॲलनला मी सांगितलंच नव्हतं." दारात चंद्रहास उभा. केस सगळे पांढरे झालेत. माझेही झालेत, पण मी रोज पाहतो.

तो समोर बसला. कागद ओढून घेतला.

"साक्षीदाराने वाचायचं नसतं," मी म्हणालो. सात वर्षांनंतर मी त्याच्याशी बोललेलं हे पहिलं वाक्य.

"मी वाचल्याशिवाय सही करत नाही," तो म्हणाला, आणि पहिल्या ओळीपासून वाचू लागला. कलम दोनला म्हणाला, "ॲव्हरिल बिचारी." कलम पाचला त्याने चष्मा काढला, पुसला, आणि तेच पान पुन्हा वाचलं. क्लोटिल्डाने चहा ठेवला, तो निवला. मला घाम फुटला होता. महमूद मला म्हणाला, "उस्ताद, पानी?"

चंद्रहासने कलम सात संपवलं आणि हात पुढे केला. "पेन दे."

"सही करू नकोस. केलीस तर गाडी जाईल तुझी."

"मला वाचता येतं, एरिक."

"अरे, मग? वेडा आहेस का? मी मेलो तर गाडी क्लोटिल्डाकडे जाईल. ती गाडी वळवता वळवता अख्खी वादी अदाई पाडेल."

"मग मरू नकोस. पेन दे."

मी दिलं.

माझ्या सहीच्या वेळी दोन्ही साक्षीदार हजर होते आणि मी शुद्धीत होतो. डोळ्यांत पाणी होतं, ते कायद्याला चालतं असं मी धरतो.

स्थळ: वादी अदाई, मस्कत
दिनांक: १५ नोव्हेंबर २०१९

मृत्युपत्र करणार: एरिक बस्त्याव तुस्कानो (सही)

साक्षीदार १: महमूद, डेंटर, वादी कबीर (सही उर्दूत)

साक्षीदार २: चंद्रहास गजानन कर्णिक, कुरुम (सही)

साक्षीदार क्रमांक दोनचा स्वहस्ते शेरा: पुढच्या दोन्ही टायरांत हवा चोवीस होती. त्याच दुपारी पहिल्या पंपावर थांबून गेज लावून पाहिली आणि भरून घेतली, म्हणून काही झालं नाही. ग्रुपमध्ये कोणाला बोललो नाही, कारण बोललो असतो तर याच्याकडे कोणी गाडी आणली नसती आणि ॲव्हरिल तेव्हा कॉलेजात होती. मला याची माफी हवी होती, गाडी नव्हे. माफी मिळाली. गाडी मी कागदावरून घेणार नाही, याच्या हातून काउंटरवर घेईन, म्हणून समजूनउमजून साक्षीदार झालो आहे. फेब्रुवारीत पासिंग आहे. मालकाने स्वतः हजर राहावं.